बार्टोकनं लोकसंगीत वाचवलं की उचललं?

मंद्रसप्तक:

गेल्या रविवारी भाचीच्या व्हायोलिन क्लासचा कार्यक्रम होता, छोटासाच, शाळेच्या हॉलमधे, पन्नासेक पालक. शेवटी तिच्या सरांनी आणि पियानो वाजवणाऱ्या मॅडमनी मिळून बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराची रोमानियन लोकनृत्यं वाजवली. सहा तुकडे, सगळे मिळून जेमतेम सहा-सात मिनिटं. तिसऱ्या तुकड्यात सरांनी बोट तारेवर दाबलंच नाही, नुसतं टेकवलं, आणि शिट्टीसारखा बारीक, लांबून आल्यासारखा सूर निघाला. मूळ धून बासरीवरची आहे म्हणून तसं. खाली पियानो एकाच जागी घुमत होता. तोपर्यंत चुळबूळ करणारी पोरंपण गप्प बसली हो.

बाहेर चहा घेताना एक ओळखीचे काका म्हणाले, छान आहे, पण यात त्या माणसाचं स्वतःचं काय? खेडुतांच्या चाली उचलल्या, खाली साथ लावली, वर आपलं नाव घातलं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही आणि चार दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे मांडतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. बार्टोकनं चाली उचलल्या नाहीत, तो ती भाषा शिकला. परक्या मुलखात जाऊन चार वाक्यं पाठ करून येणारा माणूस वेगळा आणि तिथे राहून तिथल्या भाषेत भांडता येण्याइतकं शिकलेला माणूस वेगळा.

चार वाक्यं पाठ करणारे कोण, तर त्याच्या आधीचे संगीतकार लिस्ट आणि ब्राम्स. दोघेही थोर, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण लिस्टच्या हंगेरियन रॅप्सडींमधे हंगेरियन म्हणून जे ऐकू येतं ते बहुतेक शहरातल्या कॅफेंमधे रोमा (जिप्सी) वादकांचे ताफे वाजवायचे ते संगीत, त्यातली बरीच गाणी शहरी आणि जमीनदार मंडळींनी रचलेली. ब्राम्सचं पाचवं हंगेरियन नृत्य तर अख्ख्या जगाला पाठ आहे, त्यातली चाल त्याला लोकांचीच वाटली होती, पण ती निघाली बेला केलर नावाच्या संगीतकाराची.

बार्टोकपण आधी त्याच वाटेनं चालला होता. मग १९०४ चा उन्हाळा. तो २३ वर्षांचा, आज स्लोव्हाकियात असलेल्या एका आडगावी मुक्कामाला होता आणि शेजारच्या खोलीत लिदी दोशा नावाची ट्रान्सिल्व्हेनियातून (तेव्हा हंगेरीत, आज रोमानियात) कामाला आलेली मुलगी, वय १८, बाळाला सांभाळत गात होती. लाल सफरचंद चिखलात पडलं, अशा अर्थाचं गाणं. त्यानं ते तिला परत म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं. पुढच्या वर्षी कोदाय या दुसऱ्या हंगेरियन संगीतकाराची ओळख झाली, १९०६ मधे दोघांनी मिळून वीस गाणी छापली, दहा याची दहा त्याची. मग आवाज टिपायचा फोनोग्राफ घेऊन गावोगाव. मेणाचं नळकांडं दोन-तीन मिनिटांत भरायचं, की ते काढून दुसरं लावायचं.

१९०७ ला ट्रान्सिल्व्हेनियातल्या चीक भागात त्याला पाच सुरांची जुनी गाणी सापडली. आपल्याकडे धानी राग आहे ना, सा, कोमल ग, म, प, कोमल नि, साधारण तेच सूर. चाल वरून सुरू होऊन उतरत येते, आणि काही गाण्यांत पहिली ओळ म्हणून झाली की तीच ओळ पाच सूर खाली परत येते. युरोपच्या शाळेतला मेजर-मायनर या दोन स्वरसप्तकांचा हिशोब या गाण्यांना लागूच पडत नाही. मला वाटतं इथेच तो बदलला. या गाण्यांखाली जर्मन पुस्तकातली साथ बसत नाही म्हटल्यावर त्यानं साथच नव्यानं शोधली, ती त्या गाण्यांच्या सुरांतून.

त्यानं स्वतः १९३१ मधे लिहून ठेवलंय की शेतकऱ्यांचं संगीत तीन प्रकारांनी वापरता येतं. एक, चाल जशीच्या तशी घ्यायची, साथ म्हणजे हिऱ्याचं कोंदण. दोन, तशा वळणाची चाल आपण रचायची. तीन, चाल कुठेच नाही पण सगळ्या रचनेला त्याच संगीताचा वास, कारण तोवर ती संगीतकाराची मातृभाषा झालेली असते. काकांनी ऐकलं ते पहिल्या प्रकारातलं, १९१५ सालचं. नुसती पहिली पायरी बघून माणसाला चोर ठरवणं मला पटत नाही.

कोरा_कागद:

मंद्रसप्तक, कळकळीनं लिहिलंय, आवडलं. पण माझा विरोध आहे आणि तो ठाम आहे.

तुम्ही लिस्टला शहरी म्हणून बाजूला काढलंत. मग बार्टोक कोण होता? बुडापेस्टच्या अकादमीत शिकलेला, तिथेच प्रोफेसर झालेला माणूस. गावात जाऊन तो गावाला विचारत नाही की तुम्हाला काय गावंसं वाटतं, तो सांगतो की मला जुनं द्या. १९०७ मधलं त्याचं स्तेफी गेयर या व्हायोलिनवादक मैत्रिणीला लिहिलेलं पत्र वाचा. एका शेतकरी बाईशी झालेला संवाद त्यात त्यानं लिहिलाय. हा म्हणतो जुनी गाणी म्हणा, तिला वाटतं साहेब आपली चेष्टा करतोय. मग ती देवाची गाणी म्हणायला बघते, हा म्हणतो ती नकोत. मग जे येतं ते याला हवं तितकं जुनं नसतं. आणि हा थकून जातो, वैतागतो. मला ते वाचताना त्या बाईचं वाईट वाटलं. तिला जे गाणं जवळचं होतं ते ती देत होती आणि शहरातला माणूस तिला सांगत होता की हे तुझं खरं गाणं नाही.

म्हणजे लोक काय गातात ते नाही, लोकांनी काय गायला हवं हे त्यानं ठरवलं. याला भाषा शिकणं कसं म्हणायचं? आपल्याकडे कोणी पुण्याहून जाऊन एखाद्या आजीला म्हणालं की तू सिनेमाच्या चालीवरचं भजन म्हणू नकोस, ते अस्सल नाही, तर आपल्याला राग येईल का नाही?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. रोमा वादकांचं संगीत म्हणजे शहरातलं बिघडलेलं संगीत असा त्याचा सूर होता, त्यावर लेख लिहिलेत त्यानं. आणि तुमच्या त्याच रोमानियन नृत्यांतलं पहिलं, काठीचा नाच, ते त्यानं कुणाकडून ऐकलं? मेझोसाबाद गावात दोन रोमा व्हायोलिनवादकांकडून. रचना अर्पण केली एका शाळामास्तरांना, योन बुशित्सांना, गावं फिरताना त्यांनी मदत केली म्हणून. ते योग्यच आहे. पण ते दोघं व्हायोलिनवाले? रविवारच्या तुमच्या कार्यक्रमात कोणी त्यांचं नाव घेतलं का? नाही घेतलं, कारण कुणालाच माहीत नाही. जगभर शंभर वर्षं हे वाजतंय आणि पोस्टरवर एकच नाव.

मंद्रसप्तक:

पत्राबद्दल तुमचं बरोबर आहे, मी ते असं वाचलं नव्हतं. मी नेहमी त्याच्या चिकाटीची गोष्ट म्हणून वाचत आलो.

पण नावांबद्दल थोडा अन्याय होतोय. त्याच्या वह्यांत आणि संग्रहांत गाणाऱ्याचं नाव, वय, गाव, तारीख अशी नोंद असते, जिथे मिळालं तिथे. त्या काळात हे फार थोडे लोक करत होते. आणि कामाचा आवाका बघा, रोमानियन चाली साडेतीन हजारांच्या आसपास, स्लोव्हाक तीन हजारांच्या आसपास, हंगेरियन पावणेतीन हजार. एकेक गाणं मेणाच्या नळकांड्यावरून पुन्हा पुन्हा ऐकून लिहायचं, गळ्याची प्रत्येक हरकत, प्रत्येक अर्धवट सोडलेला सूर. त्याचे छापलेले कागद बघितले तर डोळे दुखतात इतकं बारीक लिहिलंय. १९३४ पासून तर पियानो शिकवणं सोडून सायन्स अकादमीत बसून हेच काम केलं, देश सोडेपर्यंत. चोर इतकी हमाली करत नाही हो. प्रसिद्धीसाठी एक सिंफनी लिहिणं कितीतरी सोपं होतं.

शुद्धस्वर:

तुम्ही दोघं वाचवलं की उचललं यावर भांडताय, माझं म्हणणं तिसरंच आहे. लोकसंगीताचा आणि त्याच्या मोठेपणाचा संबंधच फार थोडा आहे.

संगीतकार शोनबर्गनं १९४७ च्या एका लेखात हा मुद्दा मांडलाय की लोकगीत स्वतःपुरतं पूर्ण असतं, त्याला वाढायची गरज नसते आणि सिंफनीला लागते ती वाढणारी बीजं. मला हे शंभर टक्के पटतं. लोकगीत घेऊन तुम्ही काय करणार? एकदा वाजवलं, दुसऱ्यांदा वेगळ्या वाद्यावर, तिसऱ्यांदा मोठ्यानं. रोमानियन नृत्यं गोड आहेत, पण ती जेवणानंतरचा विडा आहेत, जेवण नाही.

बार्टोक थोर कुठे आहे? १९३६ चं तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टासाठीचं संगीत ऐका. पहिला भाग फ्यूग आहे, म्हणजे एकच चाल एकामागून एक सगळे उचलतात ती रचना. व्हायोला कुजबुजत सुरुवात करतात, एकेक गट येऊन मिळतो, पंख्याच्या पात्यांसारखे सूर दोन्ही बाजूंनी उलगडत जातात, टोकाला पोचतात आणि परत मिटतात. त्यात कुठेही कुठल्या खेड्यातली चाल नाही. ही सरळ बाखची परंपरा आहे. तो शेतकऱ्यांकडे गेला नसता तरी हे लिहू शकला असता, कारण हे डोक्यातून आलंय. राष्ट्रीय, मातीतलं, हे सगळं नंतर चिकटवलेलं लेबल आहे आणि त्या लेबलानं त्याला लहान केलंय.

सातमात्रा:

शुद्धस्वर, पहिला भाग ऐकून थांबलात का? चौथा भाग ऐका की! तंतुवाद्यं तारा छेडतात आणि धावणारा नाच सुरू होतो, तिथे आठाचे खंड २+३+३ असे पडतात. हा बाखकडून आलेला हिशोब नाही, हा बल्गेरियन नाचाचा हिशोब आहे. आणि फ्यूगबद्दलही माझं मत वेगळं आहे, ती जी सुरुवातीची चाल आहे ती चार छोट्या छोट्या तुकड्यांची, थांबत थांबत, बोलल्यासारखी. बार्टोकनं जुन्या हंगेरियन गाण्यांचे दोन प्रकार सांगितलेत, एक बोलल्यासारखं मोकळ्या लयीतलं आणि एक ठेक्यात बांधलेलं. फ्यूगची चाल पहिल्या प्रकारच्या श्वासानं चालते. चाल खेड्यातली नाही, श्वास खेड्यातला आहे. मंद्रसप्तक म्हणतात तो तिसरा प्रकार हाच.

मी तबला वाजवतो, पाश्चात्य संगीत उशिरा ऐकायला लागलो, म्हणून मला हा भाग लगेच कळतो. मिक्रोकॉसमॉस म्हणून त्याचे १५३ तुकडे आहेत पियानो शिकणाऱ्यांसाठी, सहा भागांत, सोप्यापासून अवघडापर्यंत. शेवटचे सहा बल्गेरियन लयीतले. १४८ नंबरमधे नऊ मात्रा, ४+२+३. १४९ मधे सात, २+२+३. आपल्या रूपकात ३+२+२, इथे तीनचा खंड शेवटी. मी पहिल्यांदा ऐकताना मांडीवर रूपक धरला आणि दर आवर्तनाला पडलो. मग खंड उलटे धरले आणि एकदम रस्ता सापडला, अंगावर काटा आला अक्षरशः. १५३ मधे ३+३+२. आता सांगा, ज्या पोराला लहानपणी हे वाजवायला मिळालं त्याच्या डोक्यात लय म्हणजे नुसतं एक-दोन-तीन-चार राहील का? युरोपच्या शाळेत ही दारं बंद होती, ती त्यानं उघडली आणि चावी त्याला खेड्यात मिळाली.

शुद्धस्वर:

चौथ्या भागाबद्दल मान्य, मी घाईत लिहिलं. फ्यूगच्या श्वासाबद्दल अजून पटलं नाही. असं म्हटलं तर कुठलीही थांबत जाणारी चाल लोकसंगीतातली ठरेल.

ओवीबाई:

मी संगीतातली जाणकार नाही पण या विषयावर बोलावंसं वाटलं.

कुमार गंधर्व १९४८ मधे आजारपणामुळे देवासला गेले आणि पुढची काही वर्षं गाणं बंद, पडून राहायचं. त्या काळात मालव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडत राहिली आणि त्यातून पुढे त्यांनी धून-उगम राग बांधले, संजारी, मालवती, लगनगंधार. त्यांचं म्हणणं होतं की रागाचं मूळच लोकधुनेत असतं. पण त्यांनी एक गोष्ट आणखी केली, मालव्याच्या लोकगीतांचा वेगळा कार्यक्रम केला, तिथे ती गाणी गाणी म्हणूनच गायली, रागाचा कच्चा माल म्हणून नाही. मला वाटतं बार्टोकचं पण असंच बघावं. एका हातानं संग्रह, एका हातानं स्वतःची रचना. दोन्ही हात बघायला हवेत.

पण कोरा कागद यांचा नावाचा मुद्दा मला मनापासून लागला, कारण माझी आजी जात्यावर गायची. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं, एक लाखावर ओव्या, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. मी त्यात आमच्या भागातल्या गावांची नावं शोधत बसले होते एका रात्री. एका बाईच्या ओवीत भावाला मुराळी म्हणून बोलावणं होतं, अगदी आजी म्हणायची तशी, फक्त शेवटचा शब्द वेगळा. ते नाव वाचलं आणि वाटलं ही बाई मला ओळखीची आहे. नाव नसतं तर ती ओवी कुणाचीच झाली नसती. कोणी उद्या त्या ओवीवर मोठी रचना केली तर मला आनंदच होईल, पण त्या बाईचं नाव गेलं तर मी भांडेन.

दुनाकाठ:

मी सात वर्षं बुडापेस्टमधे आहे नोकरीनिमित्त, म्हणून दोन गोष्टी सांगतो, एक मंद्रसप्तक यांच्या बाजूची आणि एक विरुद्ध.

इथे तांत्सहाझ म्हणून प्रकार असतो, नाचघर म्हणा. संध्याकाळी हॉलमधे जमायचं, तीन-चार वादक कोपऱ्यात, आधी कोणीतरी पावलं शिकवतं आणि मग दोन-तीन तास लोक नाचतात. कॉलेजची पोरं, आज्या, लहान मुलं, स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत. १९७२ मधे बुडापेस्टमधे हे सुरू झालं, २०११ मधे युनेस्कोच्या यादीत पण गेलं. ही पोरं गाणी शिकली कुठून? बरीचशी बार्टोक, कोदाय आणि त्यांच्या मागून आलेल्या लोकांच्या संग्रहांतून. त्या वह्या नसत्या तर यातलं किती हाती लागलं असतं देव जाणे. उचलून नेलेली गोष्ट अशी परत येते का? ही परत आली. मी स्वतः त्या गर्दीत चुकीची पावलं टाकत नाचलोय.

आता दुसरी बाजू. ती पोरं नुसत्या वह्या वाचून थांबली नाहीत, ती ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेक गावी गेली, कारण नाच आणि वाजवणं अजून जिवंत तिथे होतं. आणि तिथे हे संगीत कुणी धरून ठेवलं होतं? गावातल्या रोमा वादकांनी. बाप वाजवायचा, मुलगा शेजारी बसून शिकायचा. एक जण चाल वाजवतो, दुसरा तीन तारांच्या व्हायोलावर गजानं नुसती साथ धरतो. त्या व्हायोलाची घोडी, म्हणजे तारांखालचा आधार, सपाट असते म्हणून तिन्ही तारा एकदम वाजतात, आणि खाली बास. पहिल्यांदा जवळून ऐकलं तेव्हा ती साथ मला ओबडधोबड वाटली, मग अर्ध्या तासानं पाय आपोआप हलायला लागले आणि कळलं की नाच त्या साथीवर चालतो, चालीवर नाही.

बार्टोकचा भर होता गाणाऱ्या शेतकऱ्यांवर आणि सुट्या चालींवर. शहरातल्या रोमा ताफ्यांवर त्यानं जो राग धरला त्यात गावातल्या रोमा वादकांचं मोल त्याच्या नजरेत कमी पडलं, असं माझं मत आहे. त्याला जे जुनं हवं होतं ते ज्यांच्याबद्दल तो कडू बोलला त्यांच्याच घरात जपलेलं होतं. त्यामुळे कोरा कागद यांच्या पहिल्या प्रतिसादाला माझं अनुमोदन.

कोरा_कागद:

दुनाकाठ, हे मला हवं होतं ते तुम्ही प्रत्यक्ष बघून सांगितलंत, मनापासून आभार.

आणि आता मूळ शब्दाकडे येतो, राष्ट्रीय. युरोपातल्या सगळ्या राष्ट्रीय संगीतकारांबद्दल मला हीच शंका आहे. शेतकरी हे राष्ट्राचं खरं हृदय म्हणायचं, त्याचं गाणं घ्यायचं आणि मग ते गाणं झेंड्यासारखं फडकवायचं. शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचं काही मिळालेलं नसतं. बार्टोकपण तरुणपणी कट्टर हंगेरियन राष्ट्रवादी होताच.

आडवाटेनं:

होता, पण तिथे राहिला नाही, आणि हे सांगायलाच हवं कारण त्याची त्यानं किंमत मोजली.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या तहात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला, ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे. लोकांच्या मनात आग होती. त्याच वर्षी बार्टोकचा रोमानियन गावच्या संगीतावरचा लेख जर्मन नियतकालिकात छापून आला आणि बुडापेस्टमधे त्याच्यावर देशद्रोहाच्या थाटात टीका झाली, की शत्रूच्या संगीताचं कौतुक करतोय. तो मागे हटला नाही, पुढेही रोमानियन, स्लोव्हाक साहित्यावर काम करतच राहिला. त्याआधी १९१३ ला अल्जीरियातल्या बिस्क्राला गेला होता, १९३६ मधे तुर्कस्तानात गेला, आणि तिथे एका सत्तरीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडून त्याला जुन्या हंगेरियन चालीची सख्खी बहीण ऐकू आली. अमेरिकेत असताना १९४२ मधे त्यानं संगीतातल्या वंशशुद्धीवर लेख लिहिला. त्यात मुद्दा असा की पूर्व युरोपचं लोकसंगीत श्रीमंत झालं ते देवाणघेवाणीमुळे, चाली सीमा ओलांडून गेल्या, बदलल्या, परत आल्या म्हणून. युरोपात वंशशुद्धीच्या नावानं माणसं मारली जात असताना हे लिहिलंय.

आणि १९४० च्या ऑक्टोबरमधे देश सोडण्याआधी मृत्युपत्रात लिहून ठेवलं की बुडापेस्टमधे हिटलर आणि मुसोलिनीच्या नावाचे चौक असेपर्यंत माझ्या नावानं हंगेरीत रस्ता, चौक, स्मृतिफलक काहीही नको. पाच वर्षांनी न्यूयॉर्कमधे गेला, ल्युकेमियानं. अवशेष मायदेशी आणले ते १९८८ मधे. या माणसाला झेंडा फडकवणाऱ्यांच्या रांगेत उभं करू नका. रोमा वादकांबद्दल त्याची चूक झाली असेल, मला ते दुनाकाठ यांचं वाचून पटतंय, पण त्याचं मन अरुंद नव्हतं.

कोरा_कागद:

मृत्युपत्राचं माहीत नव्हतं. राष्ट्रवादाबद्दलचं माझं वाक्य बार्टोकपुरतं मागे घेतो. नावांबद्दलचं मागे घेत नाही.

जुनी_पेटी:

मी लहान मुलांना पियानो शिकवते, तर वर्गातला अनुभव सांगते. बार्टोकचे मुलांसाठीचे तुकडे आहेत, १९०८-०९ चे, हंगेरियन आणि स्लोव्हाक गाण्यांवरचे. डावा हात अगदी सोपा, पण कधीकधी मुलं थांबून विचारतात, मॅडम इथे चुकीचं छापलंय का? कारण त्यांनी आधी जे शिकलेलं असतं त्यात तो सूर तिथे येत नाही. मी म्हणते नाही, पुन्हा वाजव आणि ऐक. तिसऱ्या वेळेला मूल त्या सुरावर जरा रेंगाळतं. शुद्धस्वर म्हणतात लोकगीत पूर्ण असतं, त्याचं पुढे काही करता येत नाही. मला वाटतं त्या एका डाव्या हाताच्या सुरात त्यानं करायचं ते केलंय. चालीला हात लावला नाही आणि तरी ती नवी ऐकू येते. आठ ओळींत हे जमवणं मला सिंफनीपेक्षा सोपं वाटत नाही.

शुद्धस्वर:

जुनी पेटी, तुमच्या प्रतिसादानंतर काल रात्री ते तुकडे लावून ऐकले, सगळे नाही, पंधरा-वीस. विडा म्हणालो होतो तो शब्द परत घेतो. मोठ्या रचनांबद्दलचं माझं मत तेच आहे.

मंद्रसप्तक:

दुनाकाठ आणि कोरा कागद यांचं वाचून मी दोन दिवस गप्प होतो. मी वर लिहिलं की लिस्टनं शहरी रोमा ताफ्यांचं ऐकलं आणि बार्टोकनं खऱ्या लोकांचं ऐकलं. आता ते वाक्य मला खुपतंय. म्हणजे लिस्ट-ब्राम्सबद्दलचं खरं आहे, पण रोमा आणि खरे लोक अशी फाळणी मीही नकळत केली, बार्टोकनं केली तशीच. काठीचा नाच वाजवणारे ते दोघंही लोकच होते. तो भाषा शिकला यावर मी अजून ठाम आहे. ज्यांच्याकडून शिकला त्यातल्या काहींना त्यानं गुरू मानलं नाही, हे मला या धाग्यात कळलं.

आज भाचीला क्लासला सोडायला गेलो तेव्हा सरांना हे सगळं सांगितलं. त्यांना मेझोसाबादचं माहीत नव्हतं. म्हणाले दिवाळीनंतर पुन्हा हेच वाजवणार आहोत, कार्यक्रमपत्रिकेत काय लिहू ते तुम्हीच द्या. मी असं लिहून दिलं: पहिली धून मेझोसाबाद गावातल्या दोन रोमा व्हायोलिनवादकांनी वाजवलेली, बेला बार्टोक यांनी ऐकलेली आणि पियानोसाठी बांधलेली, १९१५.

कोरा_कागद:

ऐकलेली आणि बांधलेली, हे दोन शब्द चांगले निवडलेत. छापून आलं की फोटो टाका.